बातमीची साखळी

१

खुर्शीदबींनी ट्रंकेचं झाकण वर केलं आणि हौसराव ढमढेऱ्यांना रिकामा तळ दिसला. तळाशी कापराच्या चार वड्या होत्या. बाकी काही नव्हतं.

"इथंच होती," खुर्शीदबी म्हणाल्या. "सात पिढ्यांची किताब. काल दुपारी दोन घास खाऊन सर झोपले. चारला उठले, ट्रंक उघडली, आणि माझ्यासमोर खाली कोसळले. अर्धं अंग गेलं, भाऊ. वाचा गेली. पोरानं रात्रीच पुण्याला नेलं."

ते १९९८ साल होतं, चैत्रातला बुधवार, सकाळचे नऊ. शिरूरच्या स्टँडमागच्या त्या दोन खोल्यांत इनामदार सरांनी, पत्नी खुर्शीदबींसह, निवृत्तीनंतरची अकरा वर्षं काढली होती. पुण्याच्या कॉलेजात ते अरबी शिकवत. घरात एक हस्तलिखित होतं, हदीसचं. म्हणजे पैगंबरसाहेब काय बोलले, कसे वागले, त्याची लोकांनी जपलेली वचनं. ते हस्तलिखित दुसऱ्या ग्रंथांशी ताडून पाहणं, हेच सरांचं उरलेलं आयुष्य होतं. हौसराव पोलिसातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, गळ्यात तुळशीची माळ, आणि पंचक्रोशीत कुठं कीर्तन असलं की पहिल्या रांगेत. रामनवमीच्या सप्त्यात सर मंदिराच्या भिंतीला टेकून कीर्तन ऐकत आणि नंतर चहा पिताना हौसरावांना विचारत, "बुवांनी ती गोष्ट सांगितली ना, ती त्यांना कुणी सांगितली?" हौसराव हसून म्हणत, "सर, हरिकथेत पावती मागत न्हाईत." या दोघांची मैत्री अशी होती.

"कालपासनं घरात कोण कोण आलं?"

"कोण येणार? मी मागं अंगणात किताबीचं जुनं तांबडं बासन धूत होते. सरांनी सकाळीच नवं बासन घातलं होतं, ते मी नीट बघितलंसुद्धा नाही. दौंडचा तो कंडक्टर, चांगदेव, साधनाचा मामा, अकराला येऊन तिचं पुडकं देऊन गेला. रोजचाच आहे तो. पोरीच्या वह्या, डबे, तोच पोचवतो."

साधना कोळेकर ही सरांची शेवटची विद्यार्थिनी. दौंडच्या रेल्वे कॉलनीत राहणारी, धनगराची पोर, आणि पीएच.डी. करत होती ती याच हस्तलिखितावर.

दारात सावली पडली. मशिदीचे इमाम, मौलाना जाफर, आत आले. घाबरलेला माणूस आवाज मुद्दाम खाली ठेवतो, तसे बोलले.

"हवालदारसाहेब, बाजारात काय चाललंय ऐकलं? साधनानं किताब चोरली. आणि भीमेच्या पाण्यात फेकली."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात," मौलाना म्हणाले. "हेच तर भय आहे. परवा जुम्मा. नमाज झाली की काही पोरं ट्रक करून दौंडला जाणार आहेत. मी दोन दिवस धरून ठेवीन. त्यापुढं माझं कुणी ऐकणार नाही."

२

दौंडच्या एसटीत चांगदेवच कंडक्टर होता. पन्नाशीचा, कपाळाला भंडारा, बोटांत तिकिटाचा पंच. हौसरावांना पाहून त्याचा चेहरा उतरला.

"आबा, तुम्ही आमच्या घरला चाललाय व्हय? लई उपकार होतील. पोरीला समजवा. म्हणावं, मावशीकडं जा फलटणला चार-सहा महिने. ही अरबी-बिरबी बास झाली. माझी बहीण कालपासनं दाराला कडी लावून बसलीय."

"तू काय ऐकलंस चांगदेव?"

"मी काय ऐकणार? गाडीत माणसं बोलत्यात तेच."

न्हावरं गेलं, भीमेचा पूल आला. पाणी आटून कातळ उघडे पडलेले. गाडीतली दोन माणसं खिडकीतून खाली वाकून पाहू लागली, पाण्यात काही दिसतंय का म्हणून. बातमी ज्याच्या डोळ्यांत उतरली, त्याला पुरावा लागत नाही.

रेल्वे कॉलनीत नळावर बायका होत्या. कोळेकरांचं क्वार्टर विचारताच एकीनं फक्त हनुवटी वळवली. दाराशी लिंबाखाली आठ-दहा तरुण काठ्या घेऊन बसले होते. पुढारी इंद्रजीत, साप्ताहिक काढायचा.

"काका, राम राम. आम्ही हाओत. आमच्या पोरीच्या केसाला कुणी हात लावून तर बघावा."

"तुम्हाला बोलावलं कुणी?"

"बोलवायला कशाला पायजे? उद्याच्या अंकात मोठी बातमी घेतोय."

खिडकीची काच फुटलेली होती. पुठ्ठा लावला होता तिला. कडी वाजवल्यावर आतून बऱ्याच वेळानं आवाज आला, "कोण?"

"शिरूरचा हौसराव."

साधनाचे वडील, बिरदेव, रूळ बदलणारे पॉइंट्समन, दारामागं हातात रेल्वेचा लोखंडी पाना घेऊन उभे होते. त्यांनी तो खाली ठेवला. सरूबाई, साधनाची आई, चुलीपाशी बसून होती. चूल पेटवलेली नव्हती.

साधना खोलीच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसली होती. सव्वीस वर्षांची. डोळे कोरडे.

"आबा, सर कसे आहेत?"

"जिवंत हायेत. बोलत न्हाईत."

"मग मी संपले," ती म्हणाली. "ते बोलले असते तर एका वाक्यात मिटलं असतं. सोमवारी मी निघताना किताब त्यांच्या हातात होती."

बाहेर कुणीतरी शीळ घातली. बिरदेवांनी पुन्हा पाना उचलला.

३

"आबा, तुम्ही काय विचारणार लोकांना?"

"चोरी कुणी केली ते."

"ते कुणी सांगणार नाही." साधना उठली. फळीवरून पुठ्ठ्याचं खोकं काढलं. त्यात शेकडो कार्डं होती, प्रत्येकावर एक नाव, खाली बारीक अक्षरात मजकूर. "मी पाच वर्षं हेच करतेय. हदीसच्या प्रत्येक वचनाआधी नावांची ओळ असते. मला अमक्यानं सांगितलं, त्याला तमक्यानं, त्याला पलीकडच्यानं, अशी थेट वरपर्यंत. अभ्यास करणारा वचनाकडं नंतर बघतो. आधी माणसं. हा कधी जन्मला? कुठं राहिला? ज्याच्याकडनं ऐकलं म्हणतो, त्याला कधी भेटला तरी होता का? स्मरण कसं होतं? कडी तुटली की वचन कितीही सुंदर असू दे, बाजूला ठेवायचं."

"आन् कडी जुळली तर?"

"तर मजकूर बघायचा. त्यात असं काही आहे का, जे सांगणाऱ्याला ठाऊक असायचं कारण नाही? आणि आणखी एक. वेगवेगळ्या गावच्या साखळ्या वर जाऊन एकाच माणसात मिळाल्या, की सर पेन खाली ठेवायचे. म्हणायचे, याच्यावर कोण आहे ते शोध. कुणीच नसेल, तर बोलणं कदाचित इथंच जन्मलं."

हौसरावांनी पस्तीस वर्षांत शेकडो जबाब घेतले होते. "कुठं होतास, काय करत होतास" एवढंच विचारलं होतं. "कुणाकडनं ऐकलंस" हा प्रश्न त्यांनी कधी नीट, शेवटापर्यंत नेलाच नव्हता.

त्यांनी दहा कोरी कार्डं खिशात घातली.

स्टेशनच्या कँटीनमधला म्हाळू पहिला. भजी तळता तळता म्हणाला, "व्हय, त्या पोरीनं पुस्तक नदीत टाकलं. हिरव्या लुगड्यात गुंडाळून. काल चारच्या आत मला कळलं."

"कुणाकडनं?"

"कळलं म्हंजी कळलं. गावात बोलत्यात."

"गाव भजी खायला आलं होतं व्हय? तोंड कुणाचं होतं ते सांग."

म्हाळू झारा धरून थांबला. "सखूबाईचं. पेरूवाली. शिरूरहून आली तवा सांगितलंन."

सखूबाई तिसऱ्या प्लॅटफॉर्मच्या जिन्याशी पाटी घेऊन बसलेली. "माझं नाव कशाला घेतंय ते मुडदं!" ती आधी भडकली. मग हौसरावांची माळ पाहून मऊ झाली. "मी काय माझ्या मनचं बोलले का आबा? काल दीडच्या गाडीत ऐकलं. साधनानं मुसलमानांची पोथी चोरली आन् हिरव्या लुगड्याच्या बासनासकट भीमेत फेकली. कंडक्टर सांगत होता. शिरूरला लई बोभाटा हाय म्हणाला."

हौसरावांनी कार्डावर लिहिलं. लिहिताना त्यांचा हात थबकला. दीडची गाडी. सरांनी ट्रंक उघडली ती चारला.

चोरी उघडकीला येण्याआधी अडीच तास, चोरीची बातमी बसमधून प्रवास करत होती.

४

गुरुवारी सकाळी शिरूरला अत्तराच्या दुकानात हकीम आतार नावाचा तरुण त्यांच्या अंगावरच आला. ट्रक ठरवणाऱ्यांत तो पुढं होता.

"हवालदारसाहेब, तुम्ही तिचे वकील आहात का? आमचा कलेजा जळतोय."

"जळू दे. खरंच जळायला पायजे. फक्त एवढं सांग, तुला कुणी सांगितलं?"

"सगळ्या दौंडला माहीत आहे!"

"तू दौंडला गेला होतास?"

त्यानं मान दुसरीकडं वळवली. मग, "रखमाजीच्या हॉटेलात कळलं."

"काय कळलं? शब्द सांग."

"हिरव्या लुगड्याचं बासन. त्याच्यासकट पाण्यात."

स्टँडवरच्या हॉटेलात रखमाजीनं कपबशा विसळता विसळता सांगितलं, "मंगळवारी संध्याकाळच्या गाडीनं बातमी आली. दौंडला लई बोभाटा हाय म्हणत होता."

"कोण म्हणत होता?"

"आपला चांगदेव कंडक्टर. बिचारा रडवेला झालेला. त्याचीच भाची की."

हौसराव बाकावर बसले. समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरली. शिरूरला सांगितलं की बातमी दौंडची. दौंडला सांगितलं की बातमी शिरूरची. दोन्ही गावं एकमेकांकडं बोट दाखवत होती आणि मधल्या रस्त्यावर माणूस एकच होता.

तरी त्यांच्या आतला जुना हवालदार म्हणाला, घाई नको. कंडक्टर आहे, गाडीत चार माणसं बोलतात, तो पुढं बोलतो. त्याच्या वर कुणीतरी असेल.

दुपारच्या आत ते पुन्हा दौंडला पोचले. लिंबाखालच्या काठ्या आता वीसेक झाल्या होत्या. इंद्रजीतचा अंक निघाला होता, पहिल्या पानावर साधनाचा कॉलेजातला फोटो. एक अंक कुणीतरी दाराच्या फटीतून आत सरकवला होता. फोटोतल्या चेहऱ्यावर लाल शाईनं फुली. ती फुली इकडच्यांनी मारली की तिकडच्यांनी, ते कळायला मार्ग नव्हता, आणि साधनाला त्याचीच जास्त भीती वाटत होती.

हौसरावांनी जमिनीवर कार्डं मांडली. डावीकडं शिरूर, आतार आणि त्यावर रखमाजी. उजवीकडं दौंड, म्हाळू आणि त्यावर सखूबाई. दोन्हींच्या वर मधोमध एक कार्ड उपडं ठेवलं.

"साधना, मजकूर बघू. किताबीचं बासन कसलं होतं?"

"तांबडं मखमली. वर्षानुवर्षं तेच. सगळ्या शिरूरनं तेच बघितलंय."

"मग सगळे हिरव्या लुगड्याचं बासन का म्हणत्यात?"

साधना पुढं सरकली. "हिरवं... हिरवं मी शिवलं. सोमवारी संध्याकाळी, इथं बसून. मखमल विरली होती. आईच्या जुन्या लुगड्याचा चांगला भाग होता, तो घेतला. मंगळवारी सकाळी पाठवलं."

"ते कुणी कुणी बघितलं?"

"मी. आई. बाबा ड्यूटीवर होते. सरांनी स्वतःच्या हातानं घातलं असणार. आणि..."

तिची नजर उपड्या कार्डावर गेली.

चुलीपाशी काहीतरी खळकन पडलं. सरूबाईच्या हातून तांब्या निसटला होता. पाणी वाहत कार्डांपर्यंत आलं, तरी कुणी कार्डं उचलली नाहीत.

"माझ्या भावाचं नाव घेऊ नका," सरूबाई म्हणाली. "कार्ड उलटू नका आबा. तुमच्या पाया पडते."

५

दौंडच्या स्टँडवर, कंडक्टरांच्या विश्रांतीच्या खोलीत चांगदेव डबा उघडून बसला होता. भाकरी तशीच होती. हौसराव समोर बसले, दार लोटून घेतलं.

"चांगदेव, तुला कुणी सांगितलं?"

"गाडीत बोलत्यात आबा..."

"नाव."

"एक बाई होती. न्हावऱ्याला उतरली."

"मंगळवारी दीडला गाडी सुटली. तवा सर झोपले होते. ट्रंक बंद होती. किताब गेली हे सरांना ठाऊक न्हवतं, खुर्शीदबींना न्हवतं. त्या न्हावऱ्याच्या बाईला कसं कळलं? आन् लुगडं हिरवं होतं, हे तिला कुणी दावलं?"

चांगदेवनं डब्याचं झाकण लावलं. काढलं. पुन्हा लावलं.

"अकराला तू पुडकं दिलंस," हौसराव हळू बोलत होते. "एकला रिकामा डबा न्यायला परत गेला असशील. रोजचा माणूस, तुला कोण बघतंय? खुर्शीदबी मागं धुणं धूत होत्या. तुझी वर्दी त्यांना घरातल्या भिंतीसारखी. म्हणून मंगळवारच्या येणाऱ्यांत त्यांनी तुझं एकदाच नाव घेतलं."

"मला पोरीला भ्या दाखवायचं होतं," चांगदेव म्हणाला, आणि एकदा बोलू लागल्यावर थांबेना. "मीच तिला माझ्या गाडीनं शाळेत नेली आबा. मीच हट्ट धरला, पोर शिकली पायजे. आता कारेगावची दोन स्थळं फिरली. कंपनीत सुपरवायझर पोरगा, बाप म्हणाला, मुसलमानांची पोथी वाचणारी सून नको. गाडीत मला तोंडावर विचारत्यात, भाची कलमा कवा पढणार. वाटलं, पोथीच न्हाईशी झाली तर शिक्षण संपंल. आन् तिचं नाव आलं तर शिरूरला पाय ठेवणार न्हाई. चार दिस रडंल, मग विसरंल. मला काय ठावं, माणसं काठ्या काढतील! सर पडतील!"

"किताब कुठं हाय?"

चांगदेवनं मान खाली घातली. बाहेर एका गाडीचं इंजिन सुरू झालं, आणि तेवढा वेळ हौसरावांना वाटलं की सगळं संपलं, नदीच्या तळाशी चिखल झालाय त्या पानांचा.

"टाकणारच होतो. म्हणून तर आधीच बोललो गाडीत. पुलावर गाडी थांबवली, लघवीचं निमित्त करून कठड्याशी गेलो. हात वर केला. आबा, कसली का असंना, देवाची पोथी ती. बापानं लहानपणी हात धरून शिकवलंय, लिहिल्याला पाय लागला तरी पाया पडायचं. झालं न्हाई मला."

त्यानं तिकिटांची पत्र्याची पेटी उघडली. गठ्ठ्यांच्या खाली हिरवा काठ दिसला.

"मग मंगळवारी संध्याकाळी शिरूरला का बोललास? तवा तर पोथी तुझ्यापाशी होती."

"दीडला बोलून बसलो होतो ना," चांगदेव म्हणाला. "परत कशी घेऊ?"

६

शुक्रवारी साडेबाराला शिरूरच्या मशिदीबाहेर ट्रक उभा होता. रस्त्याच्या पलीकडं पोलिसांची गाडी. बाजारातली निम्मी शटरं खाली. चपलांचा ढीग रोजच्या दुप्पट.

नमाज संपली. माणसं बाहेर आली आणि पायऱ्यांवर त्यांना मौलाना जाफर, हौसराव, आणि त्यांच्यामध्ये खाकी वर्दीतला कंडक्टर दिसला. मागं, भिंतीच्या कडेला, खुर्शीदबींचा हात धरून साधना. तिनं यावं हे कुणालाच पसंत नव्हतं. ती म्हणाली होती, माझ्याबद्दल बोलणार असतील तर मी ऐकायला हवं. तिच्या ओठांवर रंग नव्हता.

मौलानांनी किताब दोन्ही हातांनी वर धरली. गर्दीतून एक आवाज निघाला, सुटल्यासारखा, आणि लगेच दुसरा, "मग चोर कोण?"

चांगदेवला हौसरावांनी काही शिकवलं नव्हतं. तो पुढं झाला.

"मी चोरली. साधनानं न्हाई. नदीत टाकली हे बी मीच उठवलं."

ट्रकजवळचे दोघं-तिघं धावून आले. हकीम आतारनं कंडक्टरची कॉलर धरली. मौलाना मध्ये शिरले, त्यांची टोपी खाली पडली.

"सोड! हकीम, तू त्या पोरीला चोर म्हणालास. तुला कुणी सांगितलं होतं? तू विचारलंस का? आपल्या इमामांनी, आपल्या बुजुर्गांनी एकेका वचनासाठी महिना-महिना वाळवंट तुडवलं. तो माणूस खरा का खोटा, एवढंच विचारायला. आणि आपण रखमाजीच्या हॉटेलापर्यंत चालत गेलो नाही!"

हकीमचे हात ढिले पडले. तो साधनाकडं पाहीना, जमिनीकडंही पाहीना. कुठं पाहावं ते त्याला कळेना.

पोलीस पुढं आले. खुर्शीदबी म्हणाल्या, "फिर्याद सर देतील. त्यांना बोलता येऊ द्या. आज नको."

"आज नको कसं?" साधना पहिल्यांदा बोलली. आवाज फाटका होता. "दौंडला अजून काठ्या बसल्यात. न्हावऱ्यात, केडगावात माझं नाव अजून तेच आहे. इथं कळलं, तिथं कोण सांगणार? मी सांगू? माझं कोण ऐकेल?"

मौलानांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि चांगदेवकडं पाहिलं. "दीडची गाडी तुझीच ना?"

"उद्यापासनं नसंल. डेपोला कळवलंय आबांनी. आजची हाय."

"मग आजची सोडू नकोस."

गाडी भरलेली होती. सखूबाई रिकामी पाटी घेऊन चढली, हौसराव मागच्या सीटवर, साधना पहिल्या सीटवर एकटी. तिच्या शेजारची जागा रिकामी होती तरी कुणी बसलं नाही. चांगदेवनं दोरी ओढली. स्टँड मागं पडला.

न्हावऱ्याला गाडी थांबली. उतरणारे उतरले, चढणारे चढले, पारावरची माणसं सवयीनं वर पाहू लागली, काही नवं कळतंय का म्हणून. चांगदेव दाराच्या दांड्याला धरून उभा राहिला. चेहऱ्यावरून घाम वाहत होता. पुढून ड्रायव्हर म्हणाला, "जाऊ द्यायची का?"

"थांब," चांगदेव म्हणाला. मग पारावरच्या माणसांना, मोठ्यानं, "मंगळवारी मी तुम्हाला एक सांगितलं होतं. माझ्या भाचीचं. ते खोटं होतं. पोथी मी घेतली होती, मी. ती परत दिली. ज्याला ज्याला तुम्ही सांगितलंय, त्याला आजच्या आज सांगा. माझं नाव घेऊन सांगा."

पारावरचा एक म्हातारा खाली थुंकला.

गाडी हलली. पुढं केडगाव होतं, चौफुला होता, आणि मग दौंड, लिंबाखालच्या काठ्या, सरूबाई. चांगदेव पंच वाजवत मागून पुढं आला. पहिल्या सीटपाशी त्याचे पाय थांबले. भाचीकडून त्यानं आजवर कधी तिकीट घेतलं नव्हतं.

साधनानं पैसे पुढं केले.

"एक दौंड," ती म्हणाली. "आणि उद्या सकाळी सातच्या गाडीला जो कंडक्टर असेल त्याला सांगून ठेव, मी शिरूरला येणार आहे."